शेवटच्या शब्दाआधीचा श्वास

कमलाकांत विजयकरांना आपल्या कानांचा भारी अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. ठाकूरद्वारच्या त्यांच्या आळीत कोणाकडे लग्नकार्य असलं की पंगतीत हा खेळ ठरलेला. कोणीतरी एखाद्या अनोळखी पाहुण्याला पुढे करायचा आणि म्हणायचा, "कमळूभाऊ, ओळखा बघू गाव!" पाहुण्याने दोन वाक्यं बोलायची, कमलाकांतांनी डोळे मिटून ऐकायची. मग भाताचा घास घेत ते निकाल द्यायचे, "गृहस्थ पेणचे. पण आई वसईची असावी." बहुतेक वेळा हे बरोबर निघायचं. चुकलंच तर पाहुण्यालाच आपलं गाव नीट माहीत नसावं, असं ते ठरवून टाकत.

त्यांचं पोटही या कानांवरच चालत होतं. सत्तावीस वर्षं ते सरकारात मराठी लघुलेखक होते. सभा कोणाचीही असो, स्टेजखालच्या कोपऱ्यात काळा कोट घातलेला हा गृहस्थ गुडघ्यावर वही आणि खिशात चार टोकदार पेन्सिली घेऊन बसलेला असायचा. वक्त्याचा शब्द न् शब्द वहीत उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी साफ प्रत होऊन पोलिसांच्या टेबलावर जायचा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापल्यापासून तर त्यांना उसंत नव्हती. लोकही त्यांना ओळखू लागले होते. "आले बघा सरकारचे कान!" अशी हाळी यायची, हशा पिकायचा, आणि कमलाकांत ती हाळीसुद्धा इमानेइतबारे टिपून घ्यायचे.

त्यांची टिपायची एक तऱ्हा होती. ज्या म्हाताऱ्या हेडरिपोर्टरने त्यांना ही विद्या शिकवली, तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "विजयकर, हेलावर जाऊ नका. हेल गावाचा असतो. नाटकवाले रोज संध्याकाळी उसना घेतात आणि रात्री परत करतात. माणूस कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर येऊन टेकतो, ते टिपा. ती लय. ती ज्याची त्याची असते, आणि ती त्याला स्वतःलासुद्धा ठाऊक नसते. एखादा शब्द वाचता आला नाही तर लय धरा, शब्द सापडेल." तेव्हापासून कमलाकांत श्वासाला एक उभी रेघ मारायचे आणि मोठ्या थांब्याला दोन. त्या रेघा काय आहेत ते ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. बरोबरच्यांना वाटायचं, विजयकरांना पेन्सिल टेकवायची खोड आहे. स्वतः कमलाकांतही एखादा शब्द अडला तरच त्या रेघांकडे बघत. पंगतीत टाळ्या मिळायच्या त्या गाव ओळखल्याबद्दल. रेघांना कोण टाळ्या देणार?

घरी मात्र या लयीने एक मोठं काम केलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा वीरेंद्र सहाव्या वर्षी अडखळायला लागला. "प-प-पाणी" म्हणता म्हणता पोराच्या मानेच्या शिरा फुगायच्या. सरोजिनीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, नवस केले, जिभेला वेखंड लावलं, वैद्य झाले, डॉक्टर झाले. शेवटी बापानेच इलाज शोधला. रोज सकाळी मुलाला समोर बसवायचं, वर्तमानपत्र वाचायला लावायचं आणि तर्जनीने टेबलावर ठेका धरायचा. दोन छोटे तुकडे, मग एक लांब, मग श्वास, आणि मग शेवटचा शब्द एकटाच मोकळा सोडायचा. चार वर्षं एकही सकाळ चुकली नाही. मुलगा बोलता झाला. नुसता बोलता नव्हे, कॉलेजात वक्तृत्वाची ढाल घेऊन घरी आला. शेवटच्या शब्दाआधी किती ऐटीत थांबतो, असं लोक म्हणायचे. ती ऐट नव्हती, कुबडी होती, आणि ते फक्त बापलेकांना ठाऊक होतं.

वीरेंद्र आता चोवीस वर्षांचा होता. दिवसा फोर्टात विम्याच्या ऑफिसात नोकरी, संध्याकाळी लालबाग-परळ. तिथल्या कामगारांच्या गणेशोत्सवात तो नाटकं बसवायचा आणि कामही करायचा. मागच्या वर्षी त्याने मालवणी मुकादम केला होता. कमलाकांत ते नाटक बघून आले आणि बायकोला कौतुकाने म्हणाले, "अगं, हेल अगदी सावंतवाडीकडचा लागला हो! मी नसतो ओळखत तर फसलो असतो." मग मुलाकडे वळून म्हणाले, "घरी कोलंबीचं भुजणं हाणायचं आणि तिकडे जाऊन 'काय गो, काय रे' करायचं. बरं चाललंय तुझं." वीरेंद्र हसला होता. घर सुखी होतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

मग छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवरून जाहीर झालं आणि शहर पेटलं. गोळीबार, अश्रुधूर, कर्फ्यू. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कमलाकांत लालबागच्या एका गल्लीत, मिरची कांडण्याच्या बंद दुकानात बसले होते. बरोबर साध्या वेशातले दोन पोलीस. शटर वीतभर वर उचललेलं. हवेत इतका तिखटाचा खकाणा की तिघंही रुमालात शिंका दाबत होते. समोरच्या चाळीच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीमागून, कोणीतरी पत्र्याच्या कर्ण्यातून बोलत होता. माणूस दिसत नव्हता. खाली चार-पाचशे लोक मान वर करून उभे होते.

"काल आमची पोरां... धरून नेल्यानी... काठयेन मारीत मारीत त्या चौकीत... कोंडल्यानी! आमी काय गुरां... काय ढोरां... म्हणान हयसर गप बसान... रवतलंव? चला चौकीर... सगळे मिळान... नि आपली पोरां मागून... हाडूया!"

अकरा मिनिटं. कमलाकांतांची पेन्सिल चालली होती, शब्द आणि रेघा, शब्द आणि रेघा. भाषण संपलं आणि लोंढा चौकीकडे वळला. आतली पोरं सुटली, ती सुटल्यावर कोणीतरी रॉकेल ओतलं. मागच्या खोलीत कोंडीराम नावाचा साताऱ्याकडचा हवालदार अडकला होता. त्याचं ओरडणं मिरचीच्या दुकानापर्यंत येत होतं. कमलाकांतांच्या हातात वही उघडीच होती, पण त्यांनी काही लिहिलं नाही. नंतर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गल्लीत आणखी तीन माणसं पडली.

आठ दिवसांनी पोलिसांनी लवू घाडीगावकर नावाचा साचेवाला पकडला. डिलाईल रोडच्या एका गिरणीत कामाला, राहायला लालबागला. खाटेखाली पत्र्याचा कर्णा सापडला. त्या कर्ण्यातून तो दशावतारी खेळांची दवंडी द्यायचा असं चाळ सांगत होती, पण चाळीचं कोण ऐकतो? आवाज ओळखायला कमलाकांतांना बोलावणं आलं. लाकडी पडद्यामागे पाच माणसं उभी केली होती. पाचांनीही भाषणातली तीच चार वाक्यं म्हणायची. कमलाकांत खुर्चीवर बसले आणि सवयीने डोळे मिटले. पहिले दोघे घाटावरचे, शब्द मालवणी पण तोंड कोल्हापूरकडचं. तिसरा खानदेशी. चौथ्याने तोंड उघडलं आणि दोन शब्दांतच कमलाकांतांचं बोट वर झालं. "हा. सावंतवाडीकडचा. गच्चीवर होता तोच हेल." पाचव्याला बोलूसुद्धा दिलं नाही.

इन्स्पेक्टर खूश झाला. "विजयकर, तुमच्या कानाला तोड नाही." कागद पुढे आला. 'आवाज व बोलण्याची ढब तीच आहे याबद्दल माझी खात्री आहे.' कमलाकांतांनी झोकात सही ठोकली. पंगतीतला खेळ ते पोलीसचौकीत खेळून आले होते, आणि पाचांत मालवणी एकच उभा होता हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. लालबागेत तोच हेल घेऊन लाखभर माणसं रोज पाळीला जातात, हे गिरगावातल्या या शहाण्याला कोणी सांगायचं!

पुढच्या रविवारची सकाळ. कमलाकांत टेबलाशी बसून वहीवरून लालबागच्या भाषणाची कोर्टासाठीची साफ प्रत ताडून बघत होते. खिडकीशी सरोजिनीबाई तांदूळ निवडत होत्या, म्हणजे हाताने चाचपत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. वीरेंद्र त्यांना रोजच्यासारखं वर्तमानपत्र वाचून दाखवत होता.

"शहरात काल... दिवसभर... बाजार बंद होते आणि रस्त्यांवर सगळीकडे... शुकशुकाट."

एका ठिकाणी प्रतीत शब्द गळला होता. वहीत तो नीट लागेना. तेव्हा कमलाकांतांनी नेहमीचा उपाय केला. शब्द सोडले आणि नुसत्या रेघा वाचायला लागले. ओठ मिटलेले, तर्जनी आपोआप टेबलावर. छोटा तुकडा. छोटा तुकडा. लांब. श्वास. एक शब्द. पुढच्या ओळीत तेच, पान उलटलं तरी तेच. अकरा मिनिटांत एकदाही चुकलं नव्हतं. बोट टेबलावर वाजत होतं आणि खिडकीशी वीरेंद्र वाचत होता. कमलाकांतांना कळलं की आपण वहीला ठेका देतोय की मुलाला, हे आता सांगता येत नाहीये. दोन्ही एकच होतं.

वाचणं थांबलं. वीरेंद्र कागदावरून नजर काढून बापाच्या बोटाकडे बघत होता. ते बोट त्याने चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. मग त्याने उघड्या वहीकडे बघितलं, आणि बापाच्या तोंडाकडे.

"थांबलास का रे?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "काही वाईट आहे का पुढे?"

"नाही आई," वीरेंद्र म्हणाला. "संपलं."

दोघे गच्चीवर गेले. शेजारणीने वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालून कठड्याशी उभे राहिले. कमलाकांतांना वाटत होतं, हा नाही म्हणेल. त्याने नाही म्हणावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले होते.

"तो मी होतो, भाऊ."

"हळू बोल."

"गिरगावातला कारकून बोलला असता तर तिथे कोणी मान तरी वर केली असती का? म्हणून त्यांच्यासारखं बोललो. मुलं सोडवून आणा म्हटलं, एवढंच. जाळा म्हटलं नाही मी. तुमच्या वहीत आहे ना? बघा, जाळा हा शब्द नाही."

"नाही," कमलाकांत म्हणाले. "तो शब्द नाही." आणि मग त्यांना वेगळंच आठवलं. "पण माणूस जळाला."

"रोज तेच डोळ्यांपुढे येतं." वीरेंद्रने कठडा घट्ट धरला होता. "आणि तो लवू. त्याला धरलंय म्हणे. मी जातो उद्या. सांगतो."

कमलाकांतांनी त्याचं मनगट पकडलं. इतक्या जोराने की नखं रुतली. "वेडा झालास? तुझी आई आंधळी होत चाललीय. वीस वर्षांची शिक्षा होईल, कदाचित त्याहून वाईट. त्या माणसाविरुद्ध आहे काय? एक कर्णा. त्यात दम नाही."

"आणि तुमची सही?"

मुलाला सहीबद्दल कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. लालबागेत काहीच लपत नाही. "साक्ष मलाच द्यायची आहे ना?" ते म्हणाले. "मी बघतो काय ते. तो सुटेल. तू तोंड उघडायचं नाहीस. शपथ घे."

वीरेंद्रने बापाकडे बघितलं. "तुम्ही खरं सांगाल ना, भाऊ?"

"सांगेन."

आणि त्या घडीला त्यांना तसंच करायचं होतं. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यावरून कोणाला ते पटणार नाही.

एप्रिलात खटला उभा राहिला. कोर्टाच्या व्हरांड्यात उकाड्याने माणसं भिंतीला टेकून बसली होती. कमलाकांत आपली वेळ येण्याची वाट बघत बाकावर बसले होते, तोच एक बाई समोर येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, कडेवर दीडेक वर्षांची मुलगी. लवूची बायको, मालन.

"तुमीच ते लिवणारे सायब मां?" ती म्हणाली. "माका येक सांगूचा होता. माझो घोव बोलाक लागलो की मदी थांबणा नाय. येकदा सुरू झालो की असलेलो श्वास संपापर्यंत बोलत ऱ्हवता, मगे खोकता. त्या दिसा गच्चयेवरसून बोलल्लो तो थांबान थांबान बोला होतो. मी खालीच होतंय, पाणी भरूक इललंय. आमचोच शब्द, पण माणूस आमचो न्हय तो." ती जरा थांबली. "तुमका कळाक व्हया. तुमचे कान मोठे म्हणतत."

सत्तावीस वर्षांची विद्या, हेडरिपोर्टरची शिकवण, रेघांनी भरलेल्या शेकडो वह्या, आणि जे कळायला हवं होतं ते या पाणी भरणाऱ्या बाईला पहिल्या दिवशीच कळलं होतं. "बघतो," एवढंच ते म्हणाले. मुलीने हात पुढे करून त्यांच्या कोटाचं बटण धरलं होतं. ते त्यांनी हळूच सोडवलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्यांना समोर सगळं दिसलं. आरोपीच्या पिंजऱ्यात लवू, बुटका, गालफडं बसलेली, सदऱ्याला गिरणीतला कापूस चिकटावा तसे पांढरे केस कानाजवळ, वय तिशीसुद्धा नसेल. प्रेक्षकांच्या बाकावर मालन. आणि सगळ्यात मागे, दाराजवळ, वीरेंद्र. येऊ नकोस असं त्याला बजावलं होतं.

सरकारी वकिलाने सहीचा कागद पुढे धरला. "ही सही तुमची?"

"हो."

"आजही तुमची तीच खात्री आहे?"

आता नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. नाही हा शब्द जिभेवर आलाही होता. पण कमलाकांतांना पुढचा प्रश्न आधीच ऐकू आला. जानेवारीत खात्री होती, एप्रिलात का नाही? मधे काय कळलं तुम्हाला? मग वही उघडली जाईल. या रेघा कसल्या, असं विचारलं जाईल. अशा तऱ्हेने बोलणारा माणूस तुम्ही आणखी कुठे ऐकलाय, विजयकर? शपथेवर सांगा. त्यांनी दाराकडे बघितलं. मुलगा त्यांच्याकडे एकटक बघत होता, अगदी सहा वर्षांचा असताना वर्तमानपत्रावरून बघायचा तसा.

"आहे," कमलाकांत म्हणाले. "हेल तोच आहे."

यात एकही शब्द खोटा नव्हता, अशी त्यांनी नंतर हजारदा स्वतःची समजूत घातली. हेल तोच होता.

लवूचा वकील तरुण होता, पण डोळस होता. त्याने वही मागून घेतली, उलटीपालटी केली. "विजयकर, अक्षरांच्या मधे या बारीक उभ्या रेघा दिसतात. या कसल्या?"

म्हाताऱ्या हेडरिपोर्टरने दिलेली गोष्ट होती ती. आयुष्यभरात कोणी विचारलं नव्हतं, आणि कोणी विचारावं असं त्यांना नेहमी वाटायचं.

"काही नाही," कमलाकांत म्हणाले. "पेन्सिल टेकवायची खोड आहे मला."

वकिलाने वही परत केली. शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का. लवूने गज धरले आणि तो बोलायला लागला. "मी काय सांगू सायबानू मी त्या दिसा दुसऱ्या पाळयेर होतंय मुकादमाक इचारा माका भाषाणां येत नाय मी फकस्त दशावताराची दवंडी देतंय ती सुद्धा कोणी सांगितल्यार नि माझ्या चेडवाची शपथ मी त्या हवालदाराक वळखतसुद्धा नाय तो मेलो तेचा माका वायट वाटता पण मी काय्येक करूक नाय..." आणि श्वास संपला तेव्हा तो खोकायला लागला, वाकून, पिंजऱ्याचा गज धरून.

कमलाकांत साक्षीदारांच्या बाकावर बसले होते. हातात समन्सचा कागद आणि पेन्सिल होती, आणि सवयीने त्यांनी टिपून घेतलं होतं. त्यांनी खाली बघितलं. चार ओळी. मधे एकही रेघ नव्हती.

"साहेब!"

मागून आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. वीरेंद्र उभा राहिला होता. त्याचे हात समोरच्या बाकाच्या पाठीवर होते आणि बोटं पांढरी पडली होती.

"साहेब, तो... तो म-म... म..."

पट्टेवाला पुढे सरसावला. न्यायाधीशांनी भुवया वर केल्या. "काय म्हणायचं आहे तुम्हाला?"

"म-म-म..."

अठरा वर्षांपूर्वीचा चेहरा होता तो. मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे बाहेर आलेले, आणि ओठांवर एकच अक्षर आपटत राहिलेलं. त्याने जी कुबडी एवढी वर्षं कोणाला दिसू दिली नव्हती ती ऐन वेळी गळून पडली होती. त्याचे डोळे फिरत फिरत बापापाशी आले आणि तिथे थांबले. तो काय मागत होता ते त्या खोलीत एकाच माणसाला कळत होतं. समोरच्या लाकडी कठड्यावर एक बोट. दोन छोटे, एक लांब, श्वास. मग तो एक शब्द मोकळा झाला असता.

कमलाकांतांचा उजवा हात कठड्यावरच होता. तर्जनी उचललीही गेली होती, जुन्या सवयीने, त्यांना न विचारता. त्यांनी ती डाव्या हाताच्या मुठीत धरली. हात खाली घेतला आणि दोन्ही गुडघ्यांमधे दाबून ठेवला.

"म... म..."

"बाहेर न्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले. "पाणी द्या."

पट्टेवाल्याने वीरेंद्रला खांद्याला धरून दाराबाहेर नेलं. कोणीतरी हसलं. मालन हसली नाही. ती वळून त्या उघड्या दाराकडे बघत राहिली, कान टवकारून, जणू काही ऐकायचं राहून गेलं होतं. मग तिच्या मुलीने रडायला सुरुवात केली.

लवूला दहा वर्षांची सजा झाली. तिसऱ्या वर्षी तुरुंगाच्या दवाखान्यात खोकत खोकत तो गेला. मालन पोरीला घेऊन गावी गेली, असं कमलाकांतांच्या कानावर आलं. कान अजून चांगले होते. मात्र पंगतीत कोणी पाहुण्याला पुढे केलं तर ते "आता ऐकू येत नाही हो नीट" म्हणून पानावर मान घालायचे.

आपण लिहून कबुली देऊ असं वीरेंद्र सुरुवातीला म्हणायचा, म्हणजे कागदावर लिहून बापापुढे ठेवायचा. कमलाकांत तो कागद फाडायचे आणि आईच्या खोलीकडे बोट दाखवायचे. असे पाच-सहा कागद झाले. लवू गेल्याचं कळल्यावर ते बंद झाले. तोतरेपणा काही गेला नाही. विम्याच्या ऑफिसात त्याला आतल्या टेबलावर बसवलं, जिथे कोणाशी बोलावं लागत नाही. सरोजिनीबाईंना आता वर्तमानपत्र कमलाकांत वाचून दाखवत. त्या ऐकत, पण एकदा म्हणाल्या, "तुमचं वाचणं कळतं, पण लक्षात राहत नाही. वीरेनचं राहायचं. त्याची वाचा कशी हो गेली अशी अचानक?" कमलाकांतांनी पुढची बातमी वाचायला घेतली.

साठ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. सकाळपासून आळीत तोरणं, गुलाल, ताशे. खालून कोणी ओरडलं, "कमळूभाऊ, पेढे खायला या!" कमलाकांत टेबलाशी बसले होते. समोर वीरेंद्र. आत स्टोव्हवर दूध उतू गेल्याचा वास आला.

"आई, च-च..." वीरेंद्र म्हणाला. चहा म्हणायचं होतं त्याला. "च-च-च..."

आतून सरोजिनीबाई विचारत होत्या, काय हवंय रे? बाहेर ताशा वाजत होता. कमलाकांतांनी मुलाकडे बघितलं, आणि चार वर्षं खिशात, मुठीत, गुडघ्यांत दडवलेलं ते बोट टेबलावर ठेवलं. घाबरत घाबरत, फार हलक्या हाताने, त्यांनी ठेका धरला. छोटा. छोटा. लांब.

वीरेंद्रने आपला तळवा बापाच्या बोटावर ठेवला आणि ते बोट टेबलावर दाबून धरलं. ना जोराने, ना रागाने. ते हलायचं थांबेपर्यंत त्याने ते तसंच धरून ठेवलं. मग तो उठला, चपला पायात घातल्या आणि चहा न घेता जिना उतरून गेला.